काळी माती, चार दिवसांआड पाणी आणि तीस हजारांचं परसदार

पत्र : जुळे सोलापूर भागात आमचं बैठं घर आहे. मागे ३० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. बांधकामाचा राडारोडा अजून तिथेच पडलाय आणि खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बागेचं काम करणाऱ्या एकाने लॉन, पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि दिवे धरून १ लाख १५ हजारांचं कोटेशन दिलं. आमच्याकडे ३० हजार आहेत. मुलांना खेळायला हिरवळ हवी आहे, सासऱ्यांना संध्याकाळी बसायला सावली. नळाला पाणी चार दिवसांआड येतं. शेजारी म्हणतात, आधी शोषखड्डा घ्या. कारण पावसाळ्यात पाणी घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहतं, गच्चीचे दोन पाइपही तिथेच उतरतात. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून करा. गच्चीचे पाइप परसात उतरतात, तिथेच निम्मं दुखणं आहे. जरा हिशेब मांडू. एक इंच पाऊस पडला की ६०० चौरस फुटांच्या परसावर साधारण १,४०० लिटर पाणी पडतं. तुमची गच्ची ९०० चौरस फुटांची धरली, तर तिच्यावरून त्याच पावसात २,१०० लिटर येतं, आणि तेही दोन ठिकाणी धारेने, नेमकं भिंतीच्या पायाशी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही उघडझाप पायाजवळ दर वर्षी चालली, तर एक दिवस भिंतीला तिरकी चीर दिसते. तेव्हा पहिला खर्च झाडांवर करायचा नाही, या दोन पाइपांवर करायचा. चार इंची पीव्हीसी पाइप आणि दोन-तीन एल्बो घेऊन दोन्ही तोंडं बाजूच्या गल्लीतून रस्त्याच्या गटारीकडे काढा. पाइपला दहा फुटांमागे एक इंचाच्या वर उतार ठेवा, नाहीतर गच्चीवरची पानं आणि माती आत बसते. प्लंबरला निम्म्या दिवसाचं काम आहे.

त्याआधी एक तपासणी मात्र करा. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणा. तिच्यात पाणी भरून एक टोक परसात आणि दुसरं गल्लीच्या तोंडाशी धरा. रस्त्यावर थरावर थर चढवून तो प्लॉटपेक्षा उंच झालेला असतो, हे अनेक वसाहतींत दिसतं. तुमचा रस्ताच वर असेल, तर गल्लीतून पाणी बाहेर जाणार नाही, उलट आत येईल. तसं निघालं तर घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ६ × ६ फूट आणि एक फूट खोल खळगा घ्या. त्यात कर्दळ, अळू लावा. हजारभर लिटर पाणी तिथे मावतं आणि ही दोन्ही झाडं ओल्या पायांना घाबरत नाहीत. मात्र गच्चीचं पाणी त्या खळग्यात सोडू नका. त्याचा पाइप भिंतीवरून उंचावरच नेऊन ते गटारीत घालावंच लागेल.

शोषखड्ड्याचा सल्ला मुरमाड जमिनीत चांगला आहे. निव्वळ काळ्या मातीत घेतलेला शोषखड्डा म्हणजे न मागता मिळालेली विहीर. खात्री करायची तर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही पाणी उतरलं नाही, तर शोषखड्ड्याचा विषय सोडून द्या. तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल तरच त्याचा उपयोग.

आता परसातलं पाणी. त्यासाठी पाइप नको, काँक्रीटही नको, उथळ चर पुरेल. घराच्या भिंतीपासून आठ फुटांवर, भिंतीला समांतर ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद चर आखा. चराचा आकार बशीसारखा ठेवा, काठ उभे कापू नका. उभे काठ पहिल्याच पावसात ढासळतात आणि मुलं पाय मुरगळून घेतात. सुरुवातीला सहा इंच खोल आणि गल्लीच्या (खळगा घेतला असेल तर खळग्याच्या) टोकाला दहा इंच, एवढा फरक पुरे. यातून साधारण ४० घनफूट माती निघते. ती टाकायला लांब जायचं नाही. घराच्या बाजूला भिंतीपाशी चार इंच आणि चराच्या काठाशी शून्य, अशी पाचर करून पसरवायची. त्या पाचरीलाही ४० घनफूटच लागते. आताचा उलटा उतार दोन इंचांचा असला, तरी चार इंच भरल्यावर घरापासून बाहेर दोन इंचांचा उतार शिल्लक राहतो आणि आठ फुटांना तेवढा चालतो. भरताना दोन गोष्टी सांभाळा : जमीन जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान सहा इंच खालीच राहिली पाहिजे, आणि सेप्टिक टँकची झाकणं, चेंबर, पाण्याची लाइन मातीखाली जाऊ द्यायची नाही. कुदळ मारायच्या आधी ती सगळी चुन्याने आखून ठेवा.

हे काम कधी करायचं, यावर मजुरी ठरते. मार्च-एप्रिलमध्ये काळी माती दगडासारखी असते. दोन माणसं दिवसभर पहार मारतील आणि तुमचे पैसे घामात जातील. भर पावसात ती लोण्यासारखी होते, फावड्याला चिकटते आणि तुडवली की वाळल्यावर तिचे ढेकूळ सहा महिने फुटत नाहीत. मे महिन्यात एखादा वळीव पडला की दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, तेव्हा माणसं लावा. मुठीत माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. वळून कडबोळं होत असेल तर थांबा. वळीव नाहीच पडला, तर आदल्या दिवशी चराच्या रेषेवर टँकरचं पाणी सोडण्यापेक्षा जूनची वाट पाहिलेली स्वस्त पडते. काम रोजंदारीवर न देता उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे पैसे एकदम ठरवून द्या, पण चराची खोली दोन्ही टोकांना खुंट ठोकून दाखवून ठेवा. उक्त्या कामात खोलीच चोरली जाते.

राडारोडा उचलून न्यायचे पैसे देऊ नका, निदान सगळ्याचे तरी नाही. त्याचे तीन ढीग करा. विटांचे तुकडे आणि फरश्यांचे ढलपे एकीकडे, ते वाटेच्या पायात जातील. सळया, तार, काच, प्लॅस्टिक भंगारवाल्याला. तिसरा ढीग सिमेंटच्या गठ्ठ्यांचा आणि प्लास्टरच्या चुऱ्याचा. हा मात्र झाडांच्या जागेत चुकूनही मिसळू देऊ नका. सोलापूरच्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते, त्यात सिमेंट मिसळलं की झाडाला लोह उचलता येत नाही. मोगऱ्याची, जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक खतावर खत घालत बसतात आणि पानं पिवळीच.

वाट आणि भिंतीलगतचा पट्टा यासाठी पेव्हर ब्लॉक विसरा. तुम्ही शहाबादच्या दारात राहता. सोलापूर-वाडी रेल्वे लाइनवरचं हे गाव आणि तिथली फरशी पुण्या-मुंबईपेक्षा तुम्हाला सोयीने मिळते. वखारीत अखंड फरशी न मागता कोपरा फुटलेली, ओबडधोबड तुकड्यांची मागा. घरात ती कुणी घेत नाही, परसात ती उलट शोभते. भिंतीला लागून ३० × ३ फूट पट्टा आणि तिथून मागे घालायच्या मांडवापर्यंत (त्याचं पुढे सांगतो) १२ × अडीच फुटांची वाट, मिळून १२० चौरस फूट होतात. खाली तीन इंच मुरूम, त्यावर एक इंच कच (खडी फोडताना निघणारा दगडाचा बारीक चुरा), त्यावर फरशी. ठोकून तीन इंच बसायचा तर मुरूम सैल असताना सव्वापट लागतो, म्हणजे सदतीस-अडतीस घनफूट. अर्धा ब्रास मागा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे अर्ध्या ब्रासात थोडा उरेल आणि तो लागतोच. कच दहा-बारा घनफूट.

मुरूम घेताना ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी मूठभर हातात घ्या. खडा असलेला, थोडी माती धरून असलेला मुरूम दाबला की घट्ट बसतो. नुसता पिवळा, पिठासारखा मऊ असेल तर तो पावसात चिखल होणार. वाहतूक हा खरा खर्च आहे. अर्धा ब्रास मुरूम दोन टनांच्या वर भरतो, 'छोटा हत्ती' टेम्पोवाल्याला एका खेपेत तो न्यायला लावू नका. ट्रॅक्टरची ट्रॉली शेजाऱ्याबरोबर अर्धी वाटून घेतलीत तर दोघांचंही भलं.

मुरूम एकदम तीन इंच टाकायचा नाही. दीड इंच पसरा, पाणी शिंपडा, ओल मुरली की धुमसाने ठोका, मग दुसरा थर. त्यावर कच ओढून फळीने समतल करा, चराकडे किंचित उतार ठेवा आणि फरशी बसवा. सांध्यात सिमेंट भरू नका. गवंडी आग्रह करेल, "पक्कं होईल" म्हणेल. काळ्या मातीवर पक्कं काही राहत नाही. खालची जमीन फुगली की सिमेंटचे सांधे तडकतात आणि फरशीही फुटते. कचीवर सुटी ठेवलेली फरशी वर-खाली झाली तर उचलून खाली ओंजळभर कच घातली की झालं. वाट चर ओलांडते तिथे पूल किंवा पाइप घालायच्या फंदात पडू नका, पाइपात पालापाचोळा अडकतो. वाटच बशीच्या आकारात उतरवून पुन्हा चढवा. भिंतीलगतचा पट्टा पावसाआधी उरका. मधली वाट दोन-चार सरी पडून भराव बसल्यावर करा.

मुलांच्या हिरवळीचं आता. विकतच्या लॉनचे गालिचे ४०० चौरस फुटांवर अंथरले, तर उन्हाळ्यात रोज कमीत कमी पाच मिलिमीटर पाणी धरूनही १८५ लिटरच्या आसपास लागेल. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात ७४० लिटर फक्त गवतासाठी राखायचं, हे तुम्हालाही पटणार नाही. लॉन मे महिन्यात जळेल आणि त्या जागी लव्हाळ्याचं तण येईल. त्यापेक्षा फरशीचा पट्टा संपतो तिथपासून चरापर्यंतची पाच फूट रुंदीची पट्टी आणि खुद्द चर इथे साधी हरळी लावा. रानातून किंवा मैदानातून मुळांसकट उपटून आणा, बोटभर तुकडे करा आणि जूनमध्ये वीतभर अंतरावर टोचा. एक पैसा लागत नाही. एप्रिलमध्ये ती पिवळी पडेल, मरणार नाही, मृगाच्या सरींबरोबर पुन्हा उठेल. चरातली माती वाहू न देण्याचं कामही तीच करते. फक्त तिला वाफ्यात शिरू देऊ नका. कडेला फरशीचे अरुंद तुकडे सहा इंच जमिनीत उभे गाडा.

चराच्या पलीकडे तुम्हाला साधारण नऊ फुटांची पट्टी उरते. तिथे एक गादीवाफा करा : चार फूट रुंद, सोळा फूट लांब, नऊ इंच उंच. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. माती विकत आणू नका. आजूबाजूची चार-सहा इंच माती ओढून वाफ्यावर घ्या. विकतच्या "पोयट्या"बरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि त्या एकदा रुजल्या की खुरपून संपत नाहीत, तुटतात आणि वाढतात. आणायचीच झाली तर ढिगावर दहा-पंधरा दिवस पाणी शिंपडून काय उगवतं ते आधी पाहा. काळ्या मातीत वाळू मिसळायचा उपायही ऐकू येईल. थोडी वाळू घातली तर माती मोकळी होत नाही, वाळल्यावर विटेसारखी होते. तिला मोकळं करतं ते सेंद्रिय खत. वाफ्यावर दोन इंच जाडीचं कुजलेलं शेणखत, म्हणजे वीस-बावीस घमेली, वरच्या सहा इंचांत मिसळा. खत काळं, भुरभुरीत, मातीचा वास येणारं असावं. कच्चं शेण घातलंत तर हुमणी आणि वाळवी दोन्ही घरात आणलीत. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, स्वस्तात मिळते, पण पूर्ण कुजलेली, थंड झालेली असेल तरच घ्या, ताजी मळी तापते आणि मुळं भाजते. वरून उसाच्या पाचटाचं तीन इंच आच्छादन घाला. सोलापुरात ते मिळायला अडचण नाही आणि पाण्याची बचत यानेच सगळ्यात जास्त होते.

पाण्यासाठी २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम विटांच्या तीन फूट उंच ओट्यावर ठेवा. भरल्यावर तो दोनशे किलोंचा होतो, ओटा डुगडुगता नको, आणि ड्रम रसायनाचा नको. त्याला छोटा जाळीचा फिल्टर, १६ मिलिमीटरची नळी आणि ठिबकाचे ड्रिपर, सगळं कृषी सेवा केंद्रात सुटं मिळतं. इथे एक चूक हमखास होते. ड्रिपरवर "ताशी ४ लिटर" लिहिलेलं असतं, ते दहा मीटर उंचीच्या दाबाला. तीन फुटांच्या ओट्यावरून तोच ड्रिपर ताशी सव्वा लिटरच देतो. त्यामुळे चार लिटर हवं असेल तर तीन तास चालू ठेवा. दाब भरून काढणारे म्हणून विकतात ते महागडे ड्रिपर इथे घेऊ नका, एवढ्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत. गच्चीच्या टाकीवरून थेट लाइन घेतली तर दाब चांगला मिळेल, पण कुणी कॉक बंद करायला विसरलं की घरातलं चार दिवसांचं पाणी गेलं. वाफा, झाडं आणि वेल मिळून उन्हाळ्यात रोज ५०-६० लिटर पुरतं. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो, महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवा. कपडे धुतलेलं पाणी बागेत सोडू नका, पावडरमधल्या सोड्याने काळी माती आणखी चिवट होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं खुशाल घाला.

सासऱ्यांची सावली झाडापेक्षा मांडवाकडून लवकर मिळेल. पश्चिमेच्या बाजूला ८ × ८ फुटांचा बांबूचा मांडव घाला. बांबूची खालची दोन फूट डांबर लावून, विटांच्या तुकड्यांत ठोकून उभी करा, नुसत्या मातीत पुरलेला बांबू वाळवी लवकर संपवते. पहिल्या पावसात दोडका आणि घोसाळं, त्यांच्याच जोडीला मधुमालती. भाजीचे वेल दिवाळीपर्यंत सावली आणि भाजी देतील, तोवर मधुमालती वर पोचेल. बहावा लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. फुलतो देखणा, पण ऐन एप्रिल-मेमध्ये, सावली हवी तेव्हा, पानं गाळून बसतो. डाळिंब सोलापूरचं म्हणून घरीही हवंसं वाटतं, पण तेल्या आणि मर रोगाला फवारण्या करत बसावं लागतं. तुमच्या जागेत एकच झाड लावा आणि ते शेवग्याचं लावा, घरापासून तेरा-चौदा फुटांवर. खड्डा करून त्यात बसवू नका. काळ्या मातीतला खड्डा पावसात बादलीसारखा भरतो आणि शेवग्याचं मूळ कुजतं. फूटभर उंचीचा, तीन फूट व्यासाचा मातीचा उंचवटा करून त्यावर बी टोका. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. शेंगा संपल्या की दर वर्षी छाटून आठ-दहा फुटांतच ठेवा, नाहीतर वळवाच्या वाऱ्याला त्याची ठिसूळ फांदी मांडवावर येते. वड, पिंपळ, उंबर, रबर यांचं रोप कुणी भेट दिलं तरी कुंडीतच ठेवा.

रोपांना हजार रुपये खूप झाले. जास्वंद, तगर, अडुळसा, मेंदी, गवती चहा, कोरफड, अळू, कढीपत्त्याचे फुटवे, हे सगळं ओळखीपाळखीत मागून मिळतं. कुंपणाला मेंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर कांड्या जुलैत दोन तृतीयांश मातीत खोचा, फुटाला एक. तीस फुटांना तीस लागतील, पण पंचेचाळीस खोचा, एक तृतीयांश मरतात असं धरूनच. विकत घ्यायचा तो मोगरा. रोप पिशवीतून थोडं उचलून मुळं पाहा. पिशवीच्या तळाशी वेटोळी झालेली असतील तर ते रोप नको.

कारंजं आणि दिवे आत्ता नाहीत. साठलेल्या पाण्याचा डासांना आधी फायदा होतो. दिव्यांची वायर बागेत उघडी टाकून चालत नाही, नीट करायची तर ती तुमच्या तीस हजारांत बसत नाही.

पैशांची वाटणी अशी करा, दर तुमच्याकडचे विचारून इकडचं तिकडे होईल : मजुरी ९,०००, गच्चीचे पाइप ३,०००, मुरूम, कच, फरशी ७,०००, शेणखत आणि पाचट २,५००, ड्रम आणि ठिबक ३,०००, मांडव २,५००, रोपं १,०००. उरलेल्या २,००० ला दिवाळीपर्यंत हात लावू नका. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरचा. त्यातल्या एखाद्या मोठ्या सरीत छत्री घेऊन मागे जा आणि पाणी जिथे अर्ध्या तासाच्या वर थांबतं तिथे काडी खोचून ठेवा. ऑक्टोबरात वाफसा आला की त्या काड्यांच्या जागी भर घालायची, खचलेल्या फरश्या उचलून कच भरायची आणि चराचं तोंड साफ करायचं. एका माणसाचं दोन दिवसांचं काम आणि थोडा मुरूम, त्यासाठी ते दोन हजार.